ड्रुपलमधली फील्ड्सची ने-आण: वापरून पाहिली, पटली
वाचनालयाच्या पोर्टलसाठी ड्रुपलमध्ये (वेबसाइट बनवायची प्रणाली) लोकलवर, म्हणजे आपल्या संगणकावरच्या प्रतीत, 14 फील्ड्स (माहितीचे रकाने) बनवली होती: दाखल क्रमांक, देणगीदार, कपाट वगैरे. लाइव्हवर, म्हणजे लोकांना दिसणाऱ्या साइटवर, तीच परत हाताने बनवायची? छे! 'ड्रश सीईएक्स' (ड्रुपलच्या सेटिंग्ज फायलींत काढून देणारी कमांड) मारलं, यॅमल फायली (साध्या मजकुरातल्या सेटिंग्जच्या फायली) तयार. एका फील्डच्या दोन: एक स्टोरेजची (माहिती कशी साठवायची ते), दुसरी त्या कंटेंट टाइपपुरती (म्हणजे मजकुराच्या त्या प्रकारापुरती). स्टोरेजची एक गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) टाकायला मीच विसरलो, तर लाइव्हवर फायली आत घेताना इम्पोर्टने दारातच अडवलं. बरंच झालं. दोन्हीकडे साइटचा यूयूआयडी (साइटचा ओळख क्रमांक) एकच लागतो. लाइव्ह साइट लोकलच्याच डेटाबेसवरून उभी केलेली, म्हणून निभावलं. यातून येतो तो फक्त साचा, आतला मजकूर नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, पुस्तकं कुठायत?" ती नंतर फीड्स मॉड्यूलने (बाहेरची माहिती आत घेणारी ड्रुपलची जोडणी) सीएसव्हीतून (तक्त्याच्या साध्या फायलीतून) चढवली. साडेचार स्टार.