पदवीधरांसाठीची तीन दिवसांची रिट्रीट : एक परीक्षण

कॅथलिक विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी, पदवीदान समारंभाच्या आधी भरवली जाणारी तीन दिवसांची रिट्रीट, म्हणजे मौन, प्रार्थना आणि चिंतनाचे शिबिर, मी यंदा पूर्ण केले. माझ्या हातात नोकरीचे नियुक्तिपत्र होते आणि मनात वर्षभर सेवाकार्याला जाण्याची ओढ होती. कुणीतरी अधिकाराने सांगावे, ‘हे कर’, एवढीच अपेक्षा घेऊन मी तिथे गेलो. तसे कुणीही सांगितले नाही, याबद्दल आज मी मनापासून कृतज्ञ आहे.

या रिट्रीटचा पाया जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचा आहे. 1521 मध्ये स्पेनमधील पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर अंथरुणाला खिळलेल्या या सरदाराच्या लक्षात आले, की शौर्याची आणि दरबारी मानाची स्वप्ने रंगवताना आनंद होतो, पण नंतर मन कोरडे पडते; संतांसारखे जगण्याच्या विचाराने आलेला आनंद मात्र मागे रेंगाळत राहतो. निवड करताना मनातील या हालचाली कशा ओळखाव्यात, हेच पहिल्या दिवशी शिकवले गेले. पुढे तिशी ओलांडल्यावर लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकणारे आणि नंतर पॅरिसला जाऊन पदवी घेणारे इग्नेशियस, बावीस वर्षांच्या वयात ‘उशीर झाला’ म्हणून घाबरलेल्या आम्हा मुलांना फार जवळचे वाटले.

मूळ साधना सुमारे तीस दिवसांची असते आणि 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. ती तीन दिवसांत बसवताना काटछाट अटळ होती, आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील चिंतन एका दुपारीच उरकले गेले, ही उणीव मला जाणवली. मौन मात्र काटेकोर पाळले गेले. मोबाइल जमा करून घेतले होते आणि जेवणही शांततेत होत असे.

मार्गदर्शनासाठी मला एक वयस्कर सिस्टर लाभल्या. इग्नेशियस यांच्या पद्धतीप्रमाणे मी दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे एका कागदावर लिहून नेले. त्यांनी कागद सावकाश वाचला, नोकरीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “यातली तुझी कारणं कोणती आणि तुझ्या वडिलांची कोणती, तेवढ्या खुणा करून उद्या आण.” रात्री खुणा करताना सातपैकी पाच कारणे वडिलांची निघाली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी आपले मत सांगितले नाही. साधना देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे आणि साधकाला कोणत्याही बाजूला झुकवू नये, ही मूळ सूचना इतक्या निष्ठेने पाळणारी व्यक्ती भेटणे, हे मी माझे भाग्य समजतो. मन उदास आणि कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा आणखी एक नियमही त्यांनीच समजावला. नोकरीच्या पहिल्या वर्षात प्रत्येकाने तो जवळ बाळगावा, असे मला वाटते.

रोज रात्रीचे आत्मपरीक्षणही असेच उपयोगी आहे : आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवस आठवणे, क्षमा मागणे आणि उद्याचा संकल्प करणे. याला पंधरा मिनिटे पुरतात. माझ्या एका बिगरख्रिस्ती वर्गमैत्रिणीनेही ते घरी चालू ठेवले आहे.

तक्रार आहे ती शेवटच्या सत्राबद्दल. पाहुण्या वक्त्यांनी मोठा पगार आणि पद हीच देवाच्या आशीर्वादाची खूण असल्याप्रमाणे तासभर भाषण केले. ज्यांना अजून नोकरी नव्हती, त्यांचे चेहरे मी पाहिले आणि वाईट वाटले. 1891 पासून पोपच्या परिपत्रकांनी श्रमाची प्रतिष्ठा, न्याय्य वेतन आणि कामगारांचे हक्क यांवर इतके स्पष्ट लिहिले असताना, कामाच्या जगात पाऊल ठेवणाऱ्यांना त्यातले काहीच ऐकायला मिळू नये, हे मला पटले नाही. शैक्षणिक कर्जाचा विषयही कुणी काढला नाही; अनेकांच्या निर्णयावर त्याचेच ओझे सर्वांत जास्त असते.

ज्यांच्यापुढे खरोखर दोन रस्ते आहेत, त्यांनी ही रिट्रीट जरूर करावी. नाव नोंदवताना मार्गदर्शकाशी एकट्याने बोलायला रोज किती वेळ मिळणार आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावे. मला रोज पाऊण तास मिळाला, आणि तो मिळाला नसता तर मी वडिलांची पाच कारणे माझीच समजून घरी परतलो असतो.