हात थरथरत असताना डोळ्यांनी बोलायचा तक्ता: एका बापाचा अनुभव

ॲक्रिलिकचा पारदर्शक तक्ता, मधोमध मोठं भोक, कडेने वेल्क्रोवर लावायची चित्रं. मेंदूतली गाठ काढल्यावर माझ्या सहा वर्षांच्या लेकीची वाचा गेली, त्या काळात आम्ही तो वापरला. ज्यांचं मूल आज त्याच अवस्थेत आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

गाठ मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांत होणाऱ्या मेंदूच्या एका कर्करोगाची, लहान मेंदूच्या मधल्या भागात. शुद्धीवर आली तेव्हा ती बोलली, "माझे बूट कुठेत?" असं स्पष्ट विचारलं. दुसऱ्या दिवशी बोलणं बंद. वाचा जाण्याचा हा आजार बहुतेकदा असाच येतो, ऑपरेशननंतर एक-दोन दिवस थांबून. डॉक्टर त्याला पोस्टेरिअर फॉसा सिंड्रोम किंवा सेरेबेलर म्यूटिझम म्हणतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारांतल्या एका मुलाला तो होतो. घसा, जीभ यांना इजा झालेली नसते. लहान मेंदूकडून थॅलॅमसमार्गे (मेंदूच्या आतल्या, निरोप पुढे पाठवणाऱ्या भागातून) मोठ्या मेंदूकडे जाणारी वाट दुखावते आणि बोलणं सुरूच करता येत नाही. जोडीला अंग सैल पडतं, हात कापतात, गिळणं अवघड होतं, आणि रडणं सुरू झालं की कशानेही थांबत नाही. त्या रडण्याने आम्ही अक्षरशः पिळून निघालो. तिला काहीतरी सांगायचंय, हे दिसत होतं.

नातेवाइकांनी प्रेमाने टॅबलेटवरचं एक बोलकं ॲप आणून दिलं. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो. ॲप चांगलं असेल, पण ते बोट ताब्यात असलेल्या मुलांसाठी आहे. लेकीचा हात चित्राजवळ जाताजाता हेलकावे खायचा, शेजारच्या चौकोनावर पडायचा आणि टॅबलेट भलताच शब्द मोठ्याने बोलायचा. मग ती किंचाळायची. आपल्या तोंडून आपल्याला नको ते कोणी बोललं तर राग येणारच.

तक्त्याला हात लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. आपण मुलासमोर बसायचं, तक्ता दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायचा आणि भोकातून त्याचे डोळे बघायचे. नजर ज्या चित्रावर ठरते ते चित्र आपण नावाने म्हणायचं, "हेच का?" विचारायचं आणि नजर परत आपल्या डोळ्यांवर येईपर्यंत थांबायचं. आमच्या स्पीच थेरपिस्टबाईंनी "मनात दहा आकडे मोजा, मधे बोलू नका" असं बजावलं होतं. या मुलांना उत्तर सुचतं, पण नजर हलवायलाही वेळ लागतो. ही धीर धरायची सूचना खरं तर तक्त्याच्या खोक्यात छापून यायला हवी होती. आत एक ओळीचाही कागद नव्हता.

चित्रांचा संच मात्र फार विचार न करता केलेला वाटला. कडेने आठ चित्रं, तीही लहान. लेकीचा एक डोळा आत वळला होता, तिला एकाची दोन दिसायची. आठांची सोळा झाली तर ती काय बघणार? बाईंनी सहा चित्रं काढून टाकली, उरलेली दोन मोठी करून समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावली. संचात खाणं, पिणं, शू, झोप, खेळणी सगळं होतं, पण "नको" नव्हतं. दिवसभर सुया, तपासण्या, कूस बदलणं सोसणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी "नको" म्हणता यायला हवं. ते चित्र आम्ही घरी काढलं. त्याबरोबर "थांब", "आई" आणि "दिवा बंद". पहिलं ठाम उत्तर "दिवा बंद" हेच मिळालं. पलंगाच्या बरोबर वरची ट्यूबलाइट तिच्या डोळ्यांत जात होती. ती बंद केल्यावर रडणं थांबलं.

एक स्पष्ट सांगतो, हा तक्ता उपचार नाही. वाचा त्याने येत नाही. बहुतेक मुलांचं बोलणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं आणि ते लवकर यावं म्हणून सिद्ध झालेलं औषध अजून नाही. सुरुवातीला मूल डोळेच उघडत नसेल, तर तक्ता बाजूला ठेवा. हात धरून बसा, एरवीसारखं बोलत राहा. नजर समोरच्या माणसाचा पाठलाग करू लागली की काढा.

लेकीचे पहिले शब्द परत आले ते संथ, एकसुरी, अक्षर-अक्षर तुटलेले. म्हणून तक्ता लगेच आवरला नाही. रेडिएशनच्या आठवड्यांत ती संध्याकाळपर्यंत इतकी थकायची की शब्द फुटायचे नाहीत, तेव्हा ती स्वतः त्याच्याकडे बघायची.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो चित्रांच्या संचासाठी. घेताना चित्रं दोन्ही बाजूंनी छापलेली आहेत ना ते बघा, नाहीतर मूल काय बघतंय ते तुम्हाला कळणार नाही. कडा गोल घासलेल्या हव्यात आणि चित्रं पुसता येण्यासारखी, कारण या मुलांना जंतुसंसर्ग परवडत नाही. आणि तुमच्या थेरपिस्टना दाखवूनच पहिली दोन चित्रं निवडा.