"चेक एवढ्यात टाकू नका" म्हणणाऱ्यापासून सावध राहा

फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव भागात शेडवरून बेदाणा निघायला लागला की पुठ्ठ्याच्या बॉक्सची ओढाताण सुरू होते. कुपवाड एमआयडीसीत मी आणि माझा चुलतभाऊ भागीदारीत हे बॉक्स बनवतो. आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांसाठी हे लिहितोय.

आधी रोखीने माल नेणाऱ्या एका व्यापाऱ्याने गेल्या हंगामात मोठी ऑर्डर दिली, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. माल पोचला, चलनावर त्याच्या गोदामातल्या माणसाने सही केली, आणि पूर्ण रकमेचा चेक त्याने स्वतः आणून दिला. लगेच फोन: "आण्णा, एवढ्यात टाकू नका की. गुजरातचं पेमेंट आलं की आरटीजीएस मारतो." मग गावची जत्रा, मग वडिलांचं आजारपण, मग कोल्ड स्टोरेजमधला माल विकला की नक्की. बोलणं अत्यंत गोड, एकही फोन टाळला नाही. चेकच्या तारखेला तीन महिने झाले आणि त्याने फोन उचलणं बंद केलं.

त्याला आमची सवलत नको होती, मुदत संपवायची होती. चेक तीन महिनेच चालतो. त्या आत तो बँकेत टाकला आणि पैशाअभावी परत आला, तरच चेक न वटल्याच्या फौजदारी फिर्यादीचा, म्हणजे कलम 138 चा रस्ता उघडतो: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, आणि तेही टळले तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. जुना झालेला चेक घेऊन हा रस्ता धरता येत नाही.

वकिलांमार्फत नोटीस पाठवली, तर उत्तरात दोन गोष्टी आल्या. एक, बॉक्स ओलसर होते. माल उचलताना, वापरताना, विकताना याबद्दल एक अक्षर नव्हतं! दुसरी जास्त लागली: तुमची भागीदारी नोंदणीकृत नाही, दावा चालणार नाही. आमच्याकडे नोटरी केलेला करारनामा, पॅन, जीएसटी, चालू खातं सगळं आहे. पण भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे होणारी नोंदणी वेगळी, आणि 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तिच्याशिवाय फर्मला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. वसाहतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीतरी भागीदाऱ्या अशाच चालू आहेत, म्हणून मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं. दावा लावल्यावर नोंदणी करून तोच दावा वाचत नाही. आधी नोंदणी, मग दावा, आणि तोही येणं झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. आम्ही पहिलं काम तेच केलं.

आधार मिळाला तो उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, कारण ती माल देण्याच्या आधीची होती. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात मालाबद्दलची तक्रार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी करावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात. ओलसर बॉक्सचा मुद्दा तिथेच अडकतो. लेखी करार नसेल तर पैसे 15 दिवसांत द्यायचे, करार असला तरी 45 दिवसांपुढे जाता येत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. नुसता खरेदी-विक्रीचा धंदा असणाऱ्यांना मात्र उद्यम क्रमांक असूनही हे संरक्षण नाही, ते 2021 पासून फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतेच त्यात धरले जातात. मला हा अन्याय वाटतो, मार्केट यार्डातली अर्धी उधारी त्यांचीच असते.

याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे आम्ही अर्ज केलाय. बिलावरचा जीएसटी आम्ही कधीच भरून बसलोय, पैसे न येताच. परिषदेचा निकाल आमच्या बाजूने लागला आणि त्या व्यापाऱ्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागेल. सह्यांची चलनं, बिलं आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे निरोप तारखेनुसार लावून दिलेत. त्यातच त्याचा तो निरोपही आहे: "माल एक नंबर, पेमेंट पुढच्या सोमवारी."