मॅन टीजीएम फोर बाय फोरवर बांधलेला कॅम्पर: काही महिन्यांच्या वापरानंतर

या ट्रकवर गेलेल्या पैशांपैकी सगळ्यात सार्थकी लागला तो बॉक्स (मागची राहायची खोली) आणि चासी (ट्रकचा खालचा सांगाडा) यांच्यामधल्या जोडणीवरचा पैसा. सोलर किती वॉटचं, बॅटरी केवढी, हिटर कुठला यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात, पण ते सगळं नंतर बदलता येतं. सबफ्रेम (या दोहोंच्या मधली पोलादी चौकट) एकदा बसली की तिच्यावर घर उभं राहतं आणि मग खाली हात घालायला जागा उरत नाही. म्हणून इथे तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे, बाकीचं गरजेपुरतं.

मूळ चासी मॅन टीजीएम १३.२९०, नोंदणी जर्मनीतली. सहा सिलिंडर, ६.९ लिटर, २९० हॉर्सपॉवर, ११५० न्यूटन-मीटर टॉर्क. पुढे पाटे, मागे एअर सस्पेन्शन, तिन्ही डिफरन्शियलना (दोन चाकांना किंवा एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) लॉक, मागेही सिंगल चाकं, टायर ३९५/८५ आर २०. (मॅनचे ट्रक आपल्याकडेही बनत असत. पुण्याच्या फोर्स मोटर्सबरोबरच्या भागीदारीतून पीथमपूरला कारखाना उभा राहिला होता. २०१८ साली कंपनीने भारतातून काढता पाय घेतला.) वापर आल्प्समधले घाट, नॉर्वेतला हिवाळा आणि मोरोक्कोत ॲटलासच्या पलीकडची खडी नि वाळू असा झाला आहे.

ट्रकची चासी मुद्दाम पिळता येईल अशी बनवलेली असते. दोन लांब सी-चॅनल (इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या तुळया) आणि मधले आडवे दांडे मिळून शिडीसारखी रचना होते. पुढचं उजवं चाक दगडावर आणि मागचं डावं चाक दुसऱ्या दगडावर चढलं की ही रचना पिळते, आणि त्यामुळेच चारही चाकं जमीन धरून राहतात. वरचा फायबरग्लासचा बॉक्स मात्र अजिबात पिळत नाही. तो चासीला थेट आवळून बसवला तर दोघांपैकी एकाला हार मानावी लागते. एक तर बॉक्सचे कोपरे सुटतात, दरवाजा अडकायला लागतो, खिडकीच्या कोपऱ्यातून चिरा निघतात. नाही तर सबफ्रेम जिथे संपते तिथे चासीलाच तडा जातो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो रंगाखाली बराच काळ दिसत नाही.

यावर रूढ उपाय तीन. पहिला तीन-बिंदू जोडणी: दोन ठिकाणी पक्की, एका ठिकाणी फिरती. दुसरा चार बिंदूंचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आराखडा: पुढे आणि मागे मधोमध फिरते बिंदू, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. तिसरा स्प्रिंग जोडणी: मागच्या एक्सलजवळ पक्की, तिथून पुढे स्प्रिंगच्या जोरावर चासीवर दाबून ठेवलेली. या गाडीवर तिसरा प्रकार आहे आणि एवढ्या वापरानंतरही तोच निवडावा असं मत आहे. पहिल्या दोन प्रकारांत बॉक्सचं सगळं वजन तीन-चार ठिकाणी एकवटतं. त्या ठिकाणी चासीला आतून मजबुती द्यावी लागते आणि चासी कंपनीची मान्यता मिळवावी लागते. स्प्रिंग जोडणीत सबफ्रेम चासीवर पूर्ण लांबी टेकलेली असते, त्यामुळे साध्या रस्त्यावर वजन सारखं वाटलं जातं. खडबडीत जागी पुढचा भाग स्प्रिंग दाबून वर उचलला जातो.

सबफ्रेम एस-३५५ पोलादाच्या १२० × ६० × ६ मिलिमीटर चौकोनी पाइपची, गरम जस्त चढवलेली. मागच्या एक्सलच्या आजूबाजूला दोन्हीकडे जाड प्लेटा, १०.९ ग्रेडच्या फ्लँज बोल्टने आवळलेल्या. पुढे दोन्ही बाजूंना स्प्रिंगची ब्रॅकेटं, आणि बॉक्स आडवा सरकू नये म्हणून साधारण मीटरभर अंतराने बाजूच्या पट्ट्या. पाइप आणि चॅनल यांच्यामध्ये एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) पट्टी हवीच; पोलादावर पोलाद घासलं की रंग जातो, मग गंज धरतो. चासीला कंपनीनेच पाडलेली भोकं असतात, तीच वापरायची. चॅनलच्या वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या कडेला) भोक पाडायचं नाही आणि चासीवर वेल्डिंग करायचं नाही. वेल्डरने ‘एक टाका मारला तर काय होतंय’ असं म्हटलं तरी नाही.

स्प्रिंगचा ताण ठरवणं हे खरं कसब आहे. ताण जास्त झाला तर जोडणी पक्क्यासारखीच वागते. कमी झाला तर वळणावर बॉक्स झुलतो आणि खड्ड्यात आपटतो. तपासायची सोपी पद्धत अशी: प्रत्येक स्प्रिंगच्या बोल्टवर घट्ट बसणारी रबरी ओ-रिंग चढवून ठेवायची. स्प्रिंग दाबली गेली की रिंग सरकते आणि सबफ्रेम आणि चासीमध्ये जास्तीत जास्त किती फट पडली ते नंतर पट्टीने मोजता येतं. या गाडीत सगळ्यात पुढच्या ब्रॅकेटला तिरप्या चाकांवर ३० ते ४० मिलिमीटर फट पडते, डांबरी रस्त्यावर जवळजवळ काहीच नाही. हेच हवं. डांबरावरच फट दिसत असेल तर ताण वाढवावा.

देखभाल थोडी, पण टाळता न येणारी. पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा बघायचे, कारण रंग आणि जस्ताचा थर दबून बोल्ट थोडे सैल होतात. मग प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे फिरलेला नट नुसत्या नजरेने सापडतो. मागच्या प्लेटांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर तो साधा गंज समजू नये. प्लेट सूक्ष्म हालते आहे, पृष्ठभाग घासला जातो आहे, याची ती खूण. तिथले बोल्ट लगेच काढून बघावेत.

या जोडणीतून एक नियम निघतो आणि बांधणी करणारे तो सर्रास मोडतात: कुठलीही वस्तू एक तर चासीला किंवा सबफ्रेमला, दोन्हींना कधीच नाही. बाजूच्या सामानपेट्या, डिझेलची टाकी, सायलेन्सर, मागची शिडी, सगळ्यांना हे लागू. एक कान चासीला आणि दुसरा बॉक्सला लावलेली पेटी काही हजार किलोमीटरांत कान तोडून घेते. वायर, हवेच्या नळ्या, हिटरची डिझेल नळी जिथे खालून वर जाते तिथे १० ते १५ सेंटीमीटर ढील ठेवावी आणि नळीवर जाड जाळीचं आवरण चढवावं.

केबिनमधून बॉक्समध्ये जायचा रस्ता हवाच, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पाऊस असेल किंवा रात्री जागा सोडून निघायचं असेल तेव्हा तो खरंच उपयोगी पडतो. पण केबिन स्वतःच्या सस्पेन्शनवर हलते, बॉक्स स्वतःचा हलतो, आणि इंजिनपर्यंत पोचायला केबिन पुढे कलवावी लागते. त्यामुळे मधला रबरी भाता सुटा करता आला पाहिजे आणि बॉक्सचा कुठलाही भाग केबिनच्या छपरावर येता कामा नये. भात्याची खालची घडी सगळ्यात आधी जाते, कारण पाणी आणि वाळू तिथेच साचतात. तिथे निचऱ्याचं बारीक भोक ठेवावं आणि एक भाता सुटा बाळगावा.

बॉक्स बाहेरून ४.८ × २.४ × २.२ मीटर. भिंती बाहेर २ मिलिमीटर फायबरग्लास, मध्ये ६० मिलिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम, आत १.५ मिलिमीटर फायबरग्लास. चौरस मीटरला साधारण १० किलो, सगळा पृष्ठभाग ५५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे नुसते पॅनेल ५५० किलो. जोडणी दोन घटकांच्या पीयू चिकटद्रव्याने. त्याचा थर २-३ मिलिमीटर राहिलाच पाहिजे. क्लॅम्प आवळून सगळं बाहेर पिळून काढलं तर सांधा कोरडा राहतो. सिलिकॉन कुठेही लावू नये. एकदा लागलं की त्या जागी पुन्हा दुसरं काही धरत नाही.

उष्णतेचा हिशोब सरळ आहे. एवढ्या भिंतीतून चौरस मीटरमागे, अंशामागे ०.४ वॉट जातात. बाहेर उणे १५, आत २० अंश असेल तर भिंतींतून पाऊण किलोवॉट. खिडक्या, दार आणि वायुवीजन धरून दीड ते दोन. म्हणजे ४ किलोवॉटचा डिझेल हिटर पुरून उरतो. ८ किलोवॉटचा घेतला तर तो सतत मंद जळत राहतो आणि मंद जळणं म्हणजेच काजळी. रोज पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवावा. उंचीवर हवा विरळ होऊन डिझेलचं प्रमाण जास्त होतं, तेव्हा काजळी झपाट्याने धरते. त्यासाठी उंचीनुसार डिझेल कमी करणारा हिटर घ्यावा. थंडीत ओल नेमकी कुठे धरते ते शोधायचं तर आरपार गेलेले बोल्ट आणि गादीची खालची बाजू बघावी. गादीखाली हवा खेळायला जाळी हवी.

वीज २४ व्होल्टवर. लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० अँपिअर-तासांचे आठ सेल सिरीजमध्ये, म्हणजे सुमारे सात युनिट. दिवसाचा खर्च, इंडक्शनवरचा दोन वेळचा स्वयंपाक धरून, तीन ते साडेतीन युनिट. छपरावर १६०० वॉट सोलर मोरोक्कोत अंगावर येईल एवढी वीज देतं, नॉर्वेच्या डिसेंबरात असून नसल्यासारखं. तिथे आधार अल्टरनेटरचा: ५० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने तीन तासांच्या प्रवासात चारेक युनिट भरतात. दोन गोष्टींत तडजोड नको. बॅटरी उबदार भागातच ठेवावी, कारण शून्याखाली चार्ज केली तर सेलमध्ये लिथियम धातू साचून सेल कायमचा बाद होतो. आणि बॅटरीच्या तोंडाशी क्लास-टी फ्यूजच हवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजारो अँपिअर वाहतात. साधा फ्यूज वितळतो, पण आतली ठिणगी विझत नाही.

स्वयंपाकघराबद्दल मराठी घरांसाठी एवढं: इंडक्शनवर बिडाचा तवा उत्तम चालतो, पोळी छान होते, पण फुलका फुगवायला ज्योत नाही. गॅस न ठेवण्याचा फायदा इतका मोठा आहे (सिलिंडर, गळती, देशोदेशीचे वेगळे नळ) की फुलक्यावर पाणी सोडावं. ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे कुकर ही चैन राहत नाही. तिथे कुकरमधलं तापमानही खालच्यापेक्षा पाच-सहा अंश कमी असतं; डाळीला दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात.

पाणी ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो. टाक्या दोन्ही एक्सलच्या मध्ये, जमिनीलगत, उबदार भागात, आतून आडपडदे घातलेल्या. सांडपाण्याचा व्हॉल्वही आतच ठेवावा. बाहेर लोंबणारा पहिल्याच कडक थंडीत गोठतो.

वजनाशी कधी खोटं बोलू नये. चासी साडेसहा टन. पाणी, डिझेल, माणसं आणि सामान धरून गाडी साडेदहाच्या आत बसते. पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावी, दोन्ही एक्सल वेगवेगळे मोजावेत आणि जमलं तर डावी-उजवी बाजूही. टायरमधली हवा याच आकड्यांवरून, टायर कंपनीच्या तक्त्यातून ठरते. इथे डांबरावर पुढे ४.५, मागे ५ बार, खडीवर ३.५, मऊ वाळूत २ बार आणि वेग ताशी २०-२५. वाळूत हवा कमी करणं हे तिन्ही लॉक-बिकपेक्षा जास्त कामाचं. परत भरायला ब्रेकच्या हवेच्या यंत्रणेला जोडलेली १५ मीटर नळी पुरते. जादा चाक रिमसकट दीडशे किलोच्या घरात जातं, ते हाताने उतरवायचा विचारही करू नये. मागे छोटी विंच हवी.

आतल्या फर्निचरला स्क्रू टिकत नाहीत, कारण फायबरग्लासच्या पातळ थरामागे फोम आहे. ॲल्युमिनियमचे कोन चिकटवून त्यांना फर्निचर बोल्टने धरावं. धूळ मागच्या दारातून येते असं वाटतं. ती येते कारण धावताना आत हवेचा दाब कमी होतो. फिल्टर लावलेला छोटा पंखा आत हवा ढकलत राहिला की प्रश्न बराचसा मिटतो.

डिझेल लिटरला चार किलोमीटर. युरो ६ (युरोपचं प्रदूषण मानक) इंजिनाला १० पीपीएम गंधकाचं डिझेल आणि ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागतं; युरोपात आणि एप्रिल २०२० पासून भारतातही असं डिझेल मिळतं, मध्य आशियात आणि आफ्रिकेत खात्री नसते. तिकडेच जायचं असेल तर जुन्या युरो ३ इंजिनाची चासी शोधावी.

कागदपत्रं: जर्मनीत साडेसात टनांवरच्या कॅम्परला सी वर्गाचा परवाना, महामार्गावर ताशी ८० ची मर्यादा आणि दरवर्षी तांत्रिक तपासणी. घर म्हणून नोंद व्हायला झोपायची जागा, टेबलासह बैठक, स्वयंपाकाची सोय आणि कपाटं पक्की बसवलेली लागतात. भारतात हेच करायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं. मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वर्गात मोडते. चासीचे पैसे भरण्याआधीच तपासणी संस्थेकडे आराखडा, एक्सलवरच्या वजनांचा हिशोब आणि सबफ्रेमचं ड्रॉइंग घेऊन जावं.