मचूळ पाणी, काचेची पेटी आणि पॅनलवरचा आरओ: मळ्यात काय बसवायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाड, अथणी, रायबाग या पट्ट्यात ज्यांचं घर मळ्यात आहे त्यांना वेगळं सांगायला नको, कृष्णा हाकेच्या अंतरावर असून पण कितीतरी बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. वर्षानुवर्षं उसाला पाट भरून पाणी सोडलं, निचऱ्याची सोय नाही, मग खालची पाणीपातळी वर येताना क्षार घेऊनच वर आली, रान पांढरं पडलं आणि विहिरी मचूळ झाल्या. आता गावात जाऊन नाणं टाकायचं, फिल्टरच्या पाण्याचा 20 लिटरचा कॅन गाडीवर पुढं ठेवायचा आणि यायचं. अशात कुणीतरी मोबाईलवर बघतंय की सोलरवर खारं पाणी गोड होतंय म्हणे, आणि लगेच विचारतंय, घेऊ काय? पण सोलर म्हणून जे दाखवतात त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि कुठली घ्यायची ते घरात माणसं किती यावर ठरतंय.

पहिली म्हणजे सोलर स्टिल, आपण काचेची पेटी म्हणू. तळाला काळा रंग दिलेला उथळ ट्रे, त्यात दोन-तीन सेंटीमीटर मचूळ पाणी, वर तिरकी काच. उन्हानं पाण्याची वाफ होते, काचेला आतनं थेंब धरतात, ते घसरत खालच्या पन्हळीत येतात आणि नळीतनं बाटलीत. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट सगळं ट्रेमध्येच राहतं. हे तंत्र काय आजचं नाही, चिलीत लास सलिनास नावाच्या खाणीवर 1872 मध्ये सुमारे 4,700 चौरस मीटर काच घालून रोज 22-23 हजार लिटर पाणी काढायचे.

दुसरी वस्तू म्हणजे साधा घरगुती आरओच, फक्त करंट पॅनलचा. पंप पाण्याला दाब देतो, पाणी मेंब्रेनमधनं, म्हणजे अगदी बारीक छिद्रांच्या पडद्यातनं, पलीकडं जातं, क्षार अलीकडं राहतो. इथं उन्हानं पाणी तापतबिपत नाही, ऊन फक्त वीज देतंय.

आता हिशोब बघा, कारण खरा फरक इथंच आहे. आपल्याकडं वर्षाची सरासरी धरली तर एका चौरस मीटरवर दिवसाला 5 ते 5.5 युनिट ऊन पडतं (युनिट म्हणजे वीजबिलातलंच, एक किलोवॅट-तास). एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट उष्णता लागतेच, त्यात कुणाची हुशारी चालत नाही. म्हणजे एक थेंब उष्णता वाया न जाता 8 लिटर निघेल, पण पेटी बाजूनं, तळानं, काचेतनं उष्णता सोडत असते, त्यामुळं हातात येतं अडीच-तीन लिटर, उन्हाळ्यात चांगली पेटी असली तर चार. आरओचा पंप 30-40 वॅटचा, मचूळ पाण्यावर 20 लिटर भरायला दोन-अडीच तास धरा, खर्च झाला 0.1 युनिट. 100 वॅटचं पॅनल, म्हणजे जेमतेम अर्धा चौरस मीटर जागा, चांगल्या उन्हात दिवसाला 0.4 युनिटच्या आसपास देतं. म्हणजे अर्ध्या चौरस मीटरवर पेटी ठेवली तर दीड लिटर, पॅनल ठेवलं तर 20 लिटर भरून वर वीज शिल्लक. पाच माणसांच्या घरात प्यायला-स्वयंपाकाला 20 लिटर लागतात, तेवढं पेटीतनं काढायचं तर सात-आठ चौरस मीटर काच घालावी लागेल, आणि ती पुसणार कोण?

पुसायचं मी उगाच म्हणत नाही. कारखान्याचा सीझन चालू झाला की चिमणीची राख, पाचट पेटवल्याची काजळी, वर रस्त्याची धूळ, सगळं काचेवर. पॅनलवर पण बसते ती, पण पॅनल एक, फडकं मारलं की झालं. पेटीचं दुसरं दुखणं म्हणजे सील. काचेच्या कडेला कुठं फट राहिली तर वाफ निघून जाते आणि माणूस म्हणतो ऊनच कमी पडतंय. ट्रेमधलं साठलेलं खारं पाणी पण अधनंमधनं काढून धुवावं लागतं, नाहीतर काळ्या तळावर मिठाचा पांढरा थर धरतो आणि ऊन परत फिरवतो.

मग पेटी कुणी घ्यायची? एकटादुकटा माणूस मळ्यात राखणीला असतो, दोन-तीन लिटरमध्ये भागतं, तिथं पेटीसारखं दुसरं काही नाही. मोटर नाही, फिल्टर नाही, सर्व्हिसवाल्याची वाट बघणं नाही, महिनाभर बंद ठेवली तरी बिघडत नाही. आरओचं मेंब्रेन मात्र तसंच पडून राहिलं की खराब होतं. आणि बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम ते, तीन-चार हजार असेल तर घरगुती आरओ दम टाकतो, बरीचशी मॉडेलं 2,000 पर्यंतचीच असतात, पेटीला त्याचं काही नाही. मात्र पेटीचं पाणी अगदी बेचव, क्लोरीनचा अंश पण नसतो, भांडं स्वच्छ नसेल तर त्यात जंतू व्हायला वेळ लागत नाही. चवीसाठी दहाव्या हिश्शाएवढं उकळलेलं विहिरीचं पाणी मिसळतात ते चालतं.

आरओची खरी अडचण विजेची नाहीच, सांडपाण्याची आहे, आणि विकणारा ती कधी काढत नाही. 20 लिटर चांगलं पाणी निघताना 40 ते 60 लिटर जास्त खारं पाणी बाहेर पडतं. 1,800 टीडीएसचं पाणी आत गेलं तर बाहेर पडणारं अडीच हजाराच्या घरात जातं. अगोदरच क्षारपड झालेल्या रानात तेच परसातल्या वांग्या-मिरचीला सोडलं तर वाफा गेलाच म्हणून समजा. गोठा धुवायला, गाडी धुवायला वापरा, पण निचरा असलेल्या जागी. यावर उतारा म्हणून इलेक्ट्रोडायलिसिस आहे, म्हणजे विजेनं क्षार पाण्यातनं ओढून घ्यायचे, त्यात पाणी पुष्कळ कमी वाया जातं, अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि जळगावच्या जैन इरिगेशनला 2015 मध्ये सोलरवरच्या अशा यंत्रासाठी यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेचं डिसॅल प्राइज मिळालं, पण ते एका घरासाठी नाही, गावानं मिळून बसवायचं काम आहे.

खर्चाचं म्हणाल तर आरओ आठ ते पंधरा हजार, त्यावर 50 वॅटचे दोन पॅनल, 12 व्होल्टच्या दोन छोट्या बॅटऱ्या आणि चार्ज कंट्रोलर, कारण बहुतेक पंप 24 व्होल्ट डीसीचे असतात. पण मळ्यात सिंगल फेज बऱ्यापैकी राहत असेल तर माझं ऐका, पॅनल घेऊच नका. महिन्याला तीन युनिटसाठी बॅटऱ्या कशाला सांभाळायच्या? करंट असेल तेव्हा टाकी भरून ठेवायची. जिथं लाईनच आली नाही किंवा रात्रीतनं कधीतरी येते, तिथं पॅनलला अर्थ आहे.

घ्यायच्या आधी पाणी तपासून घ्या, आणि नुसतं टीडीएस मीटर बुडवून नको. मीटर फ्लोराइड दाखवत नाही, आणि पलीकडं बागलकोट, विजयपूरकडं फ्लोराइडचाच त्रास आहे. भारतीय मानकाप्रमाणं (सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅम) टीडीएस 500 पर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत, फ्लोराइड दीडच्या वर नको, नायट्रेट 45 च्या वर नको. टीडीएस सहाशे-सातशे आणि बाकी सगळं ठीक असेल तर यातलं काहीच नको, उकळा आणि प्या.

आणि एक तिसरा पर्याय, जो कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगत पण नाही. पावसाळ्यात ढगामुळं पेटी जवळजवळ बंद, पॅनल अर्ध्यावर, पण तेव्हाच पत्र्यावरनं पागोळ्या वाहून जातात. 50 चौरस मीटरचा पत्रा आणि वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला तरी वीस हजार लिटर हाताला लागू शकतं, घराला प्यायला-स्वयंपाकाला वर्षाचे सव्वासात हजार पुरतात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून झाकलेल्या टाकीत घ्यायचं, प्यायच्या आधी उकळायचं. टाकीला जागा आणि पैसा असेल तर मी आधी पाच हजार लिटरची टाकी बसवीन, आरओ उन्हाळ्यापुरता चालवीन, फक्त मधल्या काळात मेंब्रेन सुकू नये म्हणून दोन-तीन दिवसाआड थोडा वेळ चालू करायला विसरायचं नाही.