मिक्सिंगला काय द्यायचं: सेशन, स्टेम्स की सुटे ट्रॅक?

ठाण्याला नौपाड्यातल्या घरी रेकॉर्ड करायचं आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज तोलून एक गाणं बनवायला, वाशीच्या स्टुडिओत न्यायचं, हा आमचा नेहमीचा शिरस्ता. प्रत्येक गाण्याला ग्रुपमध्ये तोच वाद होतो: द्यायचं काय?

अख्खं सेशन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला पूर्ण प्रोजेक्ट, देणं सगळ्यांत कमी कष्टाचं. फोल्डर कॉपी केलं, झालं. पण समोरच्याकडे तेच सॉफ्टवेअर, त्याला जोडलेले तेच प्लगइन (इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम) हवेत. तुम्ही अ‍ॅपलच्या लॉजिक सॉफ्टवेअरवर काम करता आणि त्याच्याकडे विंडोज असेल तर विषय संपला, लॉजिक विंडोजवर चालतच नाही.

स्टेम्स म्हणजे गटवार फाइली: तबला, डग्गा, टाळ एकात, कोरस दुसऱ्यात. फाइली मोजक्या होतात आणि तुम्ही जमवलेला तोल शाबूत राहतो. अडचण नंतर येते. टाळ कर्कश वाटले म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सी दाबल्या की तबल्याच्या चाटेची (काठावरच्या बोलाची) धारही बोथट होते. गळ्यावर रिव्हर्ब (घुमारा) लावूनच स्टेम काढला असेल तर तो पुढे नीट निघत नाही. लाइव्हला ट्रॅक वाजवायचे असतील तर स्टेम्स उत्तम. मिक्सिंगला मी देत नाही.

माझं मत सुट्या ट्रॅकना. प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल, 24 बिट, आणि ज्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याला) रेकॉर्ड केलं तोच; 44.1 किलोहर्ट्झचं 48 करून दर्जा काही वाढत नाही. 48 किलोहर्ट्झला पाच मिनिटांचा मोनो ट्रॅक साधारण 43 एमबीचा होतो, म्हणजे 24 ट्रॅक जेमतेम एक जीबी. पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा आणि ठाण्याहून वाशी लोकल पकडायची.

मेहनत एक्सपोर्टमध्ये, म्हणजे या फाइली बाहेर काढण्यात, आहे. पहिल्या खेपेला मी रेकॉर्डिंगचा प्रत्येक तुकडा तो जिथून सुरू होतो तिथूनच काढला. स्टुडिओत सगळ्या फाइली एकाखाली एक लावल्या, तर दुसऱ्या अंतऱ्यातले टाळ पहिल्याच सेकंदाला खणखणायला लागले! समेचा पत्ता नाही. टाळ शेवटच्या मिनिटात एकदाच वाजणार असले तरी फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच काढायची. मास्टरवरचा, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावरचा, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा इफेक्ट) बंद, आणि पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे 6 डीबीच्या आसपास. रेकॉर्डिंगलाच क्लिप झालेला (पातळी ओलांडून फाटलेला) आवाज मात्र फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढून सुधारत नाही, तो पुन्हा गावा लागतो.

एमपी3 द्यायचा तो फक्त रफ मिक्सचा, तुमच्या डोक्यात काय आहे ते कळायला. एखादा डिले (प्रतिध्वनीसारखा इफेक्ट) गाण्याचाच भाग असेल तर कोरडा, म्हणजे इफेक्टशिवायचा, ट्रॅक आणि डिलेचा ट्रॅक, दोन्ही द्या.

आणि गाण्याआधीची शांतता पुसू नका. मे महिन्यात आमच्याकडे पंखा बंद करून गाणं अशक्य, म्हणून त्या दोन-चार सेकंदांत नुसती पंख्याची घरघर असते. ती काढायला मिक्सिंगवाल्याला नमुना तिथूनच मिळतो.