सूशा, स्टुअर्ट की जोन्स? बोटीनं जाऊन मुक्काम करायचा तर

मे महिना लागला की आमच्या सिएटलच्या मित्रमंडळींत एकच विषय निघतो. कुणीतरी आठवड्यासाठी तीस-बत्तीस फुटी बोट भाड्यानं ठरवलेली असते, सॅन वॉन बेटांचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला असतो आणि चहा गार होईपर्यंत वाद चालतो: सूशाला जायचं, स्टुअर्टला की जोन्सला? तिन्ही वॉशिंग्टन राज्याची सागरी उद्यानं आहेत. तिन्हीकडे फेरी जात नाही, म्हणजे स्वतःची किंवा भाड्याची बोट, कयाक, नाहीतर ऑर्कस बेटावरून वॉटर टॅक्सी. तिन्हीकडे तंबू ठोकता येतो, बोट बांधता येते आणि पाय मोकळे करायला रानवाटा आहेत.

बहुतेक जण ठरवतात ते फोटो बघून. माझा सल्ला वेगळा आहे. देखण्या वाटा तिन्हीकडे आहेत, त्यावर डोकं शिणवू नका. रात्री दोनला वारा फिरला तर तुमची बोट कुठल्या खाडीत असेल, हे आधी ठरवा. बेटाचं नाव त्यातून आपोआप निघतं.

सूशापासून सुरुवात करतो, कारण नव्वद टक्के लोकांच्या मनात तेच असतं. ऑर्कसच्या उत्तरेला अडीच मैलांवर, घोड्याच्या नालासारखा वाकलेला हा बेटांचा पुंजका. उद्यान ८१४ एकरांचं, पायवाटा दहा मैलांच्या, तंबूच्या जागा साठच्या घरात आणि बोये, म्हणजे बोट बांधायला पाण्यावर तरंगते ठेवलेले गोळे, पन्नासच्या आसपास. १७९१ साली स्पॅनिश दर्यावर्दी इथं आले आणि त्यांनी नकाशावर ‘सूसिया’ लिहिलं, म्हणजे घाणेरडी. राग होता तो भोवतीच्या पाण्याखालच्या खडकांवर. आजही तो राग खरा आहे; चार्ट प्लॉटरवर, म्हणजे बोटीतल्या नकाशाच्या पडद्यावर, बारीक ठिपका दिसतो तिथं खरोखरच तळ फाडणारा दगड असतो.

हे बेट उद्यान कसं झालं ती गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. एव्ह हेन्री नावाच्या गृहस्थांच्या पुढाकारानं इथल्या यॉट क्लबांच्या सभासदांनी वर्गणी काढली, २५,००० डॉलर उभे केले, १९६० साली बेटाचा मोठा भाग विकत घेतला आणि राज्याला देऊन टाकला. बेटाच्या एका लांब बोटासारख्या जमिनीच्या पट्ट्याला हेन्रींचंच नाव आहे. संध्याकाळी त्याच्या टोकापर्यंत जाऊन यावं.

आता खाड्या. सूशाला चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. एको बे सगळ्यात मोठी आणि सगळ्यात प्रसिद्ध, म्हणून नवखे तिथंच शिरतात. पण तिचं तोंड पूर्वेकडे-आग्नेयेकडे उघडं आहे. हवा पालटायच्या वेळी इकडे आग्नेयेचा वारा उठतो, आणि मग एको बेमध्ये रात्रभर पाळणा हलतो. वारा नसतानाही लांबून गेलेल्या मोठ्या जहाजाच्या लाटा आत येतात. पेला टेबलावरून घसरल्यावर कळतं. शॅलो बे नेमकी उलट, पश्चिमेकडे तोंड करून. नावाप्रमाणे उथळ, आत शिरताना खुणेच्या दोन खांबांच्या मधूनच जायचं, पण सूर्यास्त तिथलाच. फॉसिल बे दक्षिणेच्या अंगाला, तिथं धक्का आहे, जवळच तंबूच्या जागा आहेत, उन्हाळ्यात पाण्याचा नळही असतो. तीसुद्धा आग्नेयेला उघडी आहे. म्हणून मी हवामानाच्या अंदाजात ‘साउथईस्ट’ (आग्नेय) हा शब्द दिसला की शॅलो बे धरतो आणि पश्चिमेचा वारा असेल तर फॉसिल बे. एकाच बेटावर अशी निवड करता येते, हाच सूशाचा मोठा फायदा. मुक्काम हलवायचा तर बेट सोडावं लागत नाही.

फॉसिल बे नावाप्रमाणे जीवाश्मांची. २०१२ साली इथं सापडलेला मांडीच्या हाडाचा तुकडा सिएटलच्या बर्क म्युझियमच्या संशोधकांनी तपासला. आठ कोटी वर्षांपूर्वीच्या मांसाहारी डायनासोरचा निघाला, आणि वॉशिंग्टन राज्यात सापडलेला पहिला डायनासोर ठरला. २०२३ मध्ये ‘सूशासॉरस रेक्स’ राज्याचा अधिकृत डायनासोर झाला. मुलांना हे सांगितलं की ती किनाऱ्यावर खाली मान घालून दोन तास काढतात. पाहू द्या, पण उचलू देऊ नका. एक शिंपलाही खिशात घालायला मनाई आहे. वालुकाश्माच्या भिंती मात्र मनसोक्त हाताळा. खारं पाणी दगडात मुरतं, वाळताना मिठाचे खडे फुगतात आणि कण कण सोडवत जातात; त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. भर दुपारी त्या भोकांत हात घातला तर आत गार लागतं.

इथं जरा थांबून बोयाबद्दल बोलतो, कारण भांडणं तिथंच होतात.

या उद्यानांतले बोये पांढरे, निळ्या पट्ट्याचे. वर लोखंडी कडी असते, पण पकडायला दोरी नसते. बोटीचं टोक पाण्यापासून चार-पाच फूट उंच, कडी पाण्याला टेकलेली. पहिल्या वर्षी माझा मेहुणा लांब दांड्याचा गळ घेऊन टोकाशी पालथा पडला होता, मी मागून ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत होतो आणि बोट वाऱ्यानं उजवीकडे जात होती. कडी गळात आली, पण दोर ओवायला तिसरा हात नव्हता. गळ बोयाला लटकत राहिला आणि आम्ही पुढे गेलो. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी डिंगीतून, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतून, येऊन तो परत दिला आणि युक्ती सांगितली: टोकाकडून जाऊच नका. बोयाला मागच्या पायरीशी आणा, तिथं माणूस पाण्याच्या पातळीवर बसतो, निवांत दोर ओवतो. मग दोराची दोन्ही टोकं बोटीच्या कडेनं, सगळ्या रेलिंगच्या बाहेरून पुढे चालत न्या आणि टोकाशी बांधा. मागच्या बाजूला बांधून मात्र झोपू नका; लाट मागून आत येते. गेली काही वर्षं आमचं हे काम न ओरडता होतं.

बोयाचे रात्रीचे १५ डॉलर, धक्क्याला बोटीच्या लांबीप्रमाणे फुटाला ७० सेंट, किमान १५ डॉलर. दुपारी एकपासून सकाळी आठपर्यंतच्या मुक्कामाला हे लागू. पैसे किनाऱ्यावरच्या पेटीत पाकिटातून टाकायचे, म्हणजे डिंगी हवीच. भाड्याची बोट घेताना डिंगी आणि तिची वल्ही मोजून घ्या. सगळं आधी येईल त्याला. बोया आरक्षित होत नाही. ४५ फुटांपेक्षा लांब बोट बोयाला बांधता येत नाही. आणि तिथं तीनच रात्री सलग राहता येतं.

नांगर टाकला तर फुकट, पण हिशेब आला. समजा शॅलो बेमध्ये ओहोटीला दहा फूट पाणी आहे आणि भरतीला आठ फूट चढणार. वर बोटीचं टोक चार फूट. झाले बावीस. नांगराचा दोर याच्या पाचपट सोडायचा, म्हणजे एकशे दहा फूट साखळी-दोर. शिवाय इथली भरती-ओहोटी रोज दोन-दोन वेळा, पण दोन ओहोट्या सारख्या नसतात, आणि उन्हाळ्यात मोठी ओहोटी दिवसाढवळ्या येते. सकाळी दहाला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली डिंगी बाराला चिखलात शंभर पावलं आत दिसते. हे अनुभवून झालं की माणूस लांब दोर घेऊन फिरायला लागतो. तळाला गवताची शेतं दिसली तर नांगर तिथं टाकू नये. ईलग्रास नावाच्या या समुद्री गवतात मासे वाढतात आणि नांगर ते मुळासकट उपटतो.

स्टुअर्ट. हरो सामुद्रधुनीच्या काठावर, कॅनडाच्या हद्दीला चिकटून. उद्यान छोटं, ८५ एकरांचं, कारण बेटाचा बाकी भाग लोकांच्या मालकीचा आहे. पण दोन्ही बाजूंनी बंदरं आहेत: दक्षिणेला रीड हार्बर, उत्तरेला प्रिव्होस्ट. रीड हार्बर लांबट, अरुंद, चिखलाच्या तळाचं. नांगर तिथं आत रुततो आणि धरून ठेवतो. या तीन बेटांत शांत झोप हवी असेल तर माझा क्रमांक एक रीड हार्बर. तिथं बोये आहेत, धक्का आहे, आणि ताणलेल्या केबलला बोट दोन्ही टोकांनी बांधायची सोयही.

चालायचं असेल तर टर्न पॉइंटच्या दीपगृहापर्यंत जा. येऊनजाऊन सहा मैलांच्या आसपास, चढउताराचा कच्चा रस्ता, मध्ये एका खोलीची जुनी शाळा. वाटेत एक लाकडी पेटी दिसते, आत घडी घातलेले टी-शर्ट. हवा तो घ्यायचा आणि घरी जाऊन पैसे पाठवायचे; तिथं माणूस नसतोच. दीपगृह १८९३ सालचं. त्याच्या खालच्या कड्यावर बसलं की व्हँकुव्हरला निघालेली प्रचंड मालवाहू जहाजं ऐन समोर वळण घेताना दिसतात. इतकं मोठं धूड इतक्या सावकाश वळतं की बघताना डबा संपतो. फोन कॅनडाचं नेटवर्क पकडतो, ते रोमिंग आधी बंद करा. उन्हाळ्यात ओर्का, म्हणजे काळेपांढरे किलर व्हेलही, कधी दिसतात. बोट चालवत असाल तर इथल्या स्थानिक ओर्कांपासून १००० यार्ड लांब राहायचं, २०२५ पासून कायदाच तसा आहे.

स्टुअर्टची अडचण एकच: लहान मुलं. बंदरात पोहायला गार पाणी, किनाऱ्यावर फारसं काही नाही, आणि सहा मैल चालून झाल्यावर ‘आता काय?’ हा प्रश्न येतो.

त्या प्रश्नाला जोन्सकडे उत्तर आहे. १८८ एकरांचं आटोपशीर बेट, ऑर्कसच्या नैऋत्य टोकापासून जवळ, डीअर हार्बरहून वॉटर टॅक्सीनं किंवा सवय असेल तर कयाकनंही गाठता येतं. हरणं इतकी माणसाळलेली की तंबूच्या दोरांमधून वाट काढत जातात; त्यांना काही खायला घालायचं नाही, मुलांनी कितीही गयावया केली तरी. रॅकून मात्र मागत नाहीत, घेतात. झाकण लावलेला कूलरसुद्धा उघडतात, तेव्हा वरून दगड. जुन्या वसाहतीतली फळझाडं अजून आहेत. फिरायच्या वाटा सपाट, आजी-आजोबांनाही झेपतील अशा. समोर लाल सालीची मॅड्रोना झाडं पाण्यावर वाकलेली.

पण बोट? इथं जोन्स मार खातं. उत्तरेच्या खाडीत धक्का आहे, तोही हिवाळ्यात काढून ठेवतात. बोये मोजके, आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर एकही मोकळा नसतो. नांगर टाकायचा तर तळ खडकाळ आणि प्रवाह जोराचा. दक्षिणेची खाडी येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या लाटांनी डुलते. म्हणून जोन्स हे मी बोटीत झोपणाऱ्यांना सुचवत नाही, तंबूवाल्यांना सुचवतो. वॉटर टॅक्सीनं जा, बोटीची काळजीच नको.

तर, ज्यांना पहिल्यांदाच जायचंय आणि बोट चालवायचा फारसा सराव नाही, त्यांनी डोळे मिटून रीड हार्बर धरावं. तीन रात्री हाताशी असतील आणि कुणीतरी रोज संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज वाचणार असेल तर सूशा. मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर जोन्स, तंबू घेऊन. चौथ्या नावाचाही मोह होईल, सूशाशेजारचं माटिया. तंबूच्या जागा फक्त सहा, बाकी बेट वन्यजीवांसाठी राखलेलं, शेकोटी नाही, कुत्र्याला वाटेवर प्रवेश नाही, पिण्याचं पाणी नाही. एकट्यादुकट्याला सुंदर. घोळक्यानं जाऊ नका.

पाण्याचं तिन्हीकडे गृहीत धरू नका. नळ फक्त उन्हाळ्यात चालू असतात आणि टंचाई झाली की तेही बंद करतात. आम्ही माणशी रोज एक गॅलन घेऊनच निघतो. कचऱ्याचे डबे नाहीत. आणलेलं सगळं परत न्यायचं. रिकामी डबडी, आंब्याच्या कोयी, मुलांनी चोरून उचललेला दगड (तो तिथंच ठेवून या) अशी पिशवी बोटीच्या मागच्या कोपऱ्यात बांधून ठेवतो. परतीच्या दिवशी ऊन लागलं की तिचा वास सुटतो, आणि सुकाणूवर नेमका मेहुणा असतो.